जिथे कपडा नाही, तिथेच

१८ फेब्रुवारी २०२५, मंगळवार, दुपारी बारा वाजून वीस मिनिटे. माझ्या आजाराची सुरुवात मी या वेळेपासून धरतो. खाज त्याआधी चार वर्षे होती. परंतु तिला नाव नव्हते. नाव नसलेल्या गोष्टीला आपल्याकडे त्रास म्हणतात, आणि त्रासावर सगळे गाव औषध सांगते.

जालन्यातील एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंच्या खोलीत मी सदरा काढून, भिंतीकडे तोंड करून बसलो होतो. पाठीवर पेनाने चौकोन आखलेले होते. डॉक्टरांनी भिंगातून ते एकेक तपासले, मग मोबाइलवर माझ्या पाठीचा फोटो काढून मला दाखवला. स्वतःची पाठ मी आयुष्यात प्रथमच पाहिली. एक चौकोन सोडून बाकी सगळे कोरे होते. त्या एका चौकोनात रुपयाएवढा लाल चट्टा उठला होता आणि त्यावर पाण्याचे बारीक फोड होते.

"काका, हे गाजरगवत," डॉक्टर म्हणाल्या. "तुमचा एक्झिमा या गवतामुळे आहे."

"माझ्या शेतात गाजरगवताची एक काडी सापडणार नाही," मी सांगितले.

"मग उपटलेलं गवत जातं कुठे?"

हा प्रश्न मला त्या वेळी निरर्थक वाटला. चार वर्षांत मला विचारला गेलेला तो एकमेव योग्य प्रश्न होता, हे समजायला आणखी काही मिनिटे गेली.

आजाराचे पूर्ण नाव 'एअरबोर्न कॉन्टॅक्ट डर्मेटायटिस'. म्हणजे हवेतून उडत येणारा पदार्थ कातडीला लागून होणारा दाह. एक्झिमा हे मोठ्या कुटुंबाचे नाव. त्यातला हा एक प्रकार. तो संसर्गजन्य नाही. हे वाक्य मी मुद्दाम स्वतंत्र लिहितो, कारण चार वर्षे ते कोणी ऐकून घेतले नाही.

माझ्याविषयी आवश्यक तेवढे सांगतो. वय बहात्तर. साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात नोकरी केली. उसाच्या लागवडीची पाहणी करणे आणि शेतकऱ्यांना सल्ला देणे हे काम. निवृत्तीनंतर अंबड तालुक्यातील आमच्या शेतावर राहायला गेलो. शेतातील घराला आमच्याकडे आखाडा म्हणतात. आखाड्यावर मी आणि माझी पत्नी सुभद्रा, मोसंबीची बाग, थोडी कपाशी आणि एक बैलजोडी. मुलगा विलास जालन्यात मस्तगडला राहतो. पाइप आणि नळाच्या सामानाचे त्याचे दुकान आहे. आम्ही दोघांनी शेत सोडून त्याच्याकडे कायमचे यावे, असा त्याचा आणि सूनबाई ज्योतीचा आग्रह होता. मी नकार देत होतो. खाज वाढली तसा माझा नकार कमजोर पडत गेला. या सगळ्या प्रकरणात माझ्यापुरता प्रश्न एकच होता: मला शेतावर राहता येईल की नाही.

सुरुवात पापण्यांपासून झाली. भाद्रपदात एके दिवशी बांध साफ करून आलो आणि डोळ्यांच्या पापण्या चुरचुरू लागल्या. मग मानेच्या दोन्ही बाजू, मग कोपरांच्या आतल्या घड्या. गावातल्या औषधाच्या दुकानदाराने गजकर्ण म्हणून एक मलम दिले. त्यात तीन औषधे एकत्र होती, हे मला पुढे कळले. आठवड्यात खाज थांबली. मलम थांबवताच दुपटीने परतली. मी पुन्हा मलम लावले. असे वर्षभर चालले. मानेची कातडी एका ठिकाणी कागदासारखी पातळ झाली आणि शेजारीच चामड्यासारखी जाड. जाड होण्याला 'लायकेनिफिकेशन' म्हणतात. सतत खाजवल्याने कातडी निबर होते आणि निबर झालेली कातडी अधिक खाजते.

दुसऱ्या वर्षी रक्त अशुद्ध असल्याचे निदान झाले. हे निदान एका वैद्याने केले आणि गावातील प्रत्येक माणसाने त्याला दुजोरा दिला. काढा सुरू झाला. पथ्य ठरले. वांगे बंद, शेंगदाणे बंद, उडीद बंद, दही बंद, लोणचे बंद. मी शिस्तीचा माणूस आहे; पथ्य म्हणजे पथ्य. चार महिन्यांनी सुभद्रा ताट वाढताना म्हणाली, "वांगं न्हाई, शेंगदाणा न्हाई, उडीद न्हाई. आता ताटात हात धुवायचं पाणीच वाढते. तेवढंच राह्यलं."

खाज कमी झाली नाही. वजन मात्र कमी झाले.

तिसऱ्या वर्षी लोकांनी दूर बसायला सुरुवात केली. ते कोणी बोलून दाखवत नाही. लग्नाच्या पंगतीत शेजारची जागा रिकामी राहते आणि वाढपी हात लांब करून वाढतो. गावातल्या ज्या दुकानात मी निवृत्तीपासून दाढी करत होतो, तिथल्या कारागिराने एके दिवशी वस्तरा खाली ठेवला.

"आबा, राग नका मानू. गिऱ्हाईक बघून राह्यले."

"हे पसरत नाही," मी म्हणालो.

"मला ठावं हाय हो. पण त्यायला कोण सांगणार? थोडे दिवस घरीच करत जा ना दाढी. म्हणत असाल तर मी येतो आखाड्यावर."

तो यायला तयार होता, हे मला मान्य केले पाहिजे. मी त्याला बोलावले नाही. घरी दाढी करू लागलो. साबणाच्या फेसाने गळ्यावरची कातडी आणखी सोलली.

या काळात एक गोष्ट वारंवार घडत होती आणि तिचा अर्थ मी दर वेळी चुकीचा लावत होतो. दिवाळीला किंवा इतर कामानिमित्त मस्तगडला मुलाकडे गेलो की चार-सहा दिवसांत मला बरे वाटे. त्या वेळी जे औषध चालू असेल, त्याला मी श्रेय देत असे. आखाड्यावर परतलो की आठवड्यात खाज पुन्हा सुरू. मग ते औषध कुचकामी ठरे आणि नवे सुरू होई. जागा बदलते आहे, हे मी मोजलेच नाही. मी फक्त औषधे मोजत राहिलो.

त्यात आणखी एक घोटाळा होता. मस्तगडला गेल्यावर पहिले दोन-तीन दिवस खाज उलट वाढत असे. याचे कारण मी कपडे धुण्याच्या पावडरीत शोधले. ज्योतीला तसे सांगितले.

"बाबा, त्याच पावडरनं धुतलेले कपडे आम्ही सगळेच घालतो," ती म्हणाली.

"तुमची कातडी वेगळी."

तिने पावडर बदलली. पुन्हा बदलली. शेवटी माझे कपडे ती साबणाच्या वडीने वेगळे धुऊ लागली. मला तेही पुरेसे वाटले नाही. प्रत्यक्षात मी आखाड्यावरून येताना जे कपडे, उपरणे आणि पांघरूण पिशवीत भरून आणत असे, तेच पहिले दोन-तीन दिवस वापरत होतो. शेतातली धूळ मी घडी घालून बरोबर नेत होतो आणि दोष तिच्या बादलीला देत होतो.

चौथ्या वर्षी पुड्या सुरू झाल्या. एका नातेवाइकाने जाफराबादकडून आणून दिल्या. करड्या रंगाची भुकटी, सकाळ-संध्याकाळ मधातून. आठ दिवसांत कातडी साफ झाली. मी पंगतीत बसलो. वांगे खाल्ले. तीन महिन्यांनी माझा चेहरा फुगून गोल झाला, घोट्यांवर सूज आली आणि कधी नसलेली साखर रक्तात निघाली. पुड्या एकदम बंद केल्या, तर अंगभर असे उठले की सदरा घालता येईना. छाती-पोटावरचे काही आठवड्यांनी ओसरले, बाकीचे राहिले. त्या पुड्यांत बहुधा 'स्टेरॉइड' होते, असे पुढे डॉक्टर म्हणाल्या. स्टेरॉइड म्हणजे दाह झपाट्याने दाबणारे औषध. योग्य हातात ते उपयोगी असते. पुडीत बांधलेले स्टेरॉइड किती आणि कोणते, हे देणाऱ्यालाही माहीत नसते.

मग विलासने माझे काही ऐकले नाही. जानेवारीत तो गाडी घेऊन आला आणि मला जालन्याला घेऊन गेला.

प्रतीक्षागृहाबद्दल दोन शब्द. त्वचेच्या दवाखान्यात लोक एकमेकांच्या अंगाकडे पाहत नाहीत, आणि तरीही सगळ्यांना सगळे दिसते. माझ्या शेजारी एक बाई पदराने दोन्ही हात झाकून बसली होती. समोरचा तरुण मान खाली घालून मोबाइल पाहत होता; त्याचा एक अंगठा सारखा दुसऱ्या मनगटावर घासत होता. खाजवायचे नाही असे ठरवलेला माणूस असेच करतो. मी त्याला ओळखले. 

डॉक्टर वयाने माझ्या मुलीसारख्या. त्यांनी आधी सगळी मलमे आणि पुड्या टेबलावर ठेवायला सांगितल्या. मग सदरा काढायला सांगितला. पाच मिनिटे त्यांनी मान, छाती, पाठ नुसती पाहिली. मग त्यांनी माझ्या हातातले घड्याळ काढायला सांगितले. पट्ट्याखालची कातडी स्वच्छ होती. डोक्यावरची टोपी काढायला सांगितली. कपाळावर टोपीच्या काठापर्यंत दाह होता. त्याच्या वर रेघ मारल्याप्रमाणे काही नव्हते. छातीवर सदऱ्याच्या उघड्या गळ्याएवढा त्रिकोण लाल होता, त्याखाली साफ.

"जिथे कपडा नाही, तिथेच आहे," त्या म्हणाल्या. "रक्त खराब असतं तर त्याला टोपी कुठे संपते हे कसं कळलं असतं?"

चार वर्षांत हा साधा विचार माझ्या मनात आला नव्हता. मला स्वतःचा राग आला आणि काढा देणाऱ्याचाही.

नक्की कारण शोधण्यासाठी 'पॅच टेस्ट' करायचे ठरले. त्रास देऊ शकणाऱ्या पदार्थांचे बारीक नमुने पट्ट्यांवर ठेवून त्या पाठीला चिकटवतात. दोन दिवसांनी काढतात आणि पुढच्या एक-दोन दिवसांत कोणत्या जागी चट्टा उठला ते वाचतात. मी त्याच दिवशी करा म्हणालो. डॉक्टरांनी नकार दिला. अंगात पुड्यांचा अंश आणि कातडीला एवढा दाह असताना चाचणी खोटे उत्तर देते. महिनाभर थांबावे लागले. तो महिना मी आखाड्यावरच काढला, कारण जायचे नाही असे मला कोणी सांगितले नव्हते आणि मी विचारले नव्हते. संध्याकाळी नेहमीप्रमाणे गोठ्यात धूर करून बैलांजवळ बसत होतो. दिवसभरात तेवढाच वेळ माझा होता.

पट्ट्या लावल्यावर अंघोळ बंद, घाम येईल असे काम बंद, पाठ टेकून झोपणे बंद. ते दिवस मस्तगडला काढले. दुसऱ्या रात्रीपासून पाठीवरची एकच जागा जळू लागली. ज्योती म्हणाली, "बाबा, खाजवू नका." मी म्हणालो, "मला सांगितले आहे." ती निघून गेली.

आता पुन्हा १८ फेब्रुवारी. निदान ऐकून मी वाद घातला. कारखान्यात असताना आणि नंतर गावातही, फुलण्याआधी गाजरगवत उपटा, असे मी लोकांना सांगत आलो होतो. नुसते सांगितले नाही. प्रत्येक पावसाळ्यात उभे राहून उपटून घेतले. स्वतः पुढे राहिलो. हातमोजे न घालता. त्या गवताचे शास्त्रीय नाव पार्थेनियम आहे, ते कातडीला वाईट आहे, हेही मला माहीत होते. ते इतरांच्या कातडीला वाईट आहे, अशी माझी समजूत असावी.

डॉक्टर म्हणाल्या, "अनेक वर्षं संपर्क येत राहिला की शरीर एक दिवस ठरवतं, आता सहन करायचं नाही. त्यानंतर थोडा संपर्कही पुरतो. पण मला एक कळत नाही. हिवाळ्याच्या शेवटी, उन्हाळ्यात गवत कमी होतं तेव्हा बहुतेक पेशंटना बरं वाटतं. तुम्हाला बारा महिने का?"

मी काही बोलण्याआधी सुभद्रा बोलली. ती कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती. तिला कोणी विचारले नव्हते.

"बाई, हे रोज सांजच्याला त्याच गवताचा धूर करतेत."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. "रोज?"

"रोज म्हंजे रोज. बैलायला मच्छर चावू नाही म्हून. पावसाळ्यात उपटायचं, वाळवायचं, गोठ्यामागं गंजी घालायची अन् सालभर जाळायचं. कडब्याची गंजी बी इतकी नीट रचत न्हाई, तितकी ती रचतेत. अन् धूर केला की तिथंच बसून राहतेत घंटा घंटा. मी म्हणते आत या, तर म्हणतेत, बैलायला सोबत पाहिजे."

विलास दाराशी उभा होता. तो हसला. डॉक्टर हसल्या नाहीत, म्हणून मी त्यांना मान देतो.

त्यांनी समजावून सांगितले ते असे. या गवताचा विषारी अंश केवळ फुलात किंवा परागात नसतो. पानावरच्या बारीक लवेतही असतो. गवत वाळले तरी तो जात नाही. वाळलेले गवत हलवले की त्याची भुकटी हवेत मिसळते, आणि जाळल्यावर धुराबरोबर वर येते. फुलण्याआधी उपटणे योग्यच होते. परंतु इतर लोक ते गवत खड्ड्यात टाकत होते किंवा बांधावर सोडून देत होते. वाया काही घालवायचे नाही, या सवयीने मी एकट्याने ते घरी आणले होते. वर्षभराचा साठा करून, रोज थोडा थोडा, स्वतःच्या तोंडासमोर जाळत होतो.

"आबा, आता बस झालं," विलास म्हणाला. "मी दोन वर्षं हेच सांगून राह्यलो. आता मस्तगडला चला. कायमचं."

"बाग?"

"बटईनं देऊ. अर्धा वाटा आपला."

"बैल?"

"विकू."

त्याने हे शब्द सरळ उच्चारले, याचा अर्थ त्याने ते आधीच ठरवले होते. मी डॉक्टरांकडे पाहिले. मी कोणाकडे विनंती करणारा माणूस नाही. मी विचारले, "शेत सोडले नाही तर काय होईल?"

"धूर चालू राहिला तर कातडी कधीच बरी होणार नाही," त्या म्हणाल्या. "पण कायमचं सोडा, असं मी आज म्हणत नाही. उद्यापासून एक महिना शेताबाहेर राहा. औषध घ्या. मग धुराशिवाय परत जाऊन पाहू. त्यानंतरही वाढलं, तर मुलाचं ऐकावं लागेल. मान्य?"

मी मान्य केले. विलासनेही केले, नाइलाजाने.

पुढे काय झाले ते येथेच सांगतो, कारण हा मजकूर वाचणाऱ्यांपैकी कोणाला तेच हवे असेल.

महिना मस्तगडला काढला. आखाड्यावरचा एकही कपडा न धुता बरोबर नेला नाही. मलम आता डॉक्टरांनी ठरवलेले, ठरलेल्या जागी, ठरलेल्या दिवसांपुरते. किती घ्यायचे याचे माप असते: बोटाच्या शेवटच्या पेरावर नळीतून काढलेली रेघ. त्याला 'फिंगरटिप युनिट' म्हणतात. एवढे मलम दोन तळव्यांइतक्या जागेला पुरते. आधी मी एक तर थापत होतो किंवा काटकसर करत होतो. दुसरे औषध 'मॉइश्चरायझर', म्हणजे कातडीतला ओलावा धरून ठेवणारे साधे मलम. ते दिवसातून अनेकदा आणि विशेषतः अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच लावायचे. मला हा बायकी प्रकार वाटत होता. चार वर्षांच्या सर्व औषधांपेक्षा त्याचा अधिक उपयोग झाला. गरम पाणी बंद, अंगाला घासणी बंद. खाज असह्य झाली तर ओला कपडा ठेवायचा. नखे लावायची नाहीत. नखे सुभद्राने कापली, कारण मला दिसत नाही म्हणून मी टाळत होतो.

मला काही महिने 'ॲझाथायोप्रिन' नावाची गोळीही घ्यावी लागली. शरीराचा अतिरेकी प्रतिकार ती कमी करते. तिच्यासोबत रक्त आणि यकृताची तपासणी वारंवार करावी लागते. ती प्रत्येकाला लागत नाही आणि स्वतःच्या मनाने कोणी घेऊ नये. शेजाऱ्याने माझ्या गोळीचे नाव विचारले होते. मी सांगितले नाही.

वांगे, शेंगदाणे, उडीद यांचा माझ्या आजाराशी काही संबंध नव्हता. काहींचा आहारामुळे वाढत असेल. माझा वाढत नव्हता. ती वर्षे परत मिळत नाहीत.

मार्चच्या अखेरीस परतलो. धूर नाही, गंजी नाही. कातडी टिकली. एप्रिल, मे टिकली. पाऊस पडल्यावर रस्त्याच्या कडेला, ओढ्याच्या काठाला, पडीक वावरांत गाजरगवत उगवले. पूर्वी मी मागे लागत असे, म्हणून लोक उपटत होते. आता मला जवळ जाता येत नव्हते आणि कोणाला ते आठवत नव्हते. श्रावणात पापण्या सुजल्या. विलास गाडी घेऊन आला. मी बसलो. दिवाळीनंतर परत आलो.

आता हाच नियम ठरला आहे. पाऊसकाळ मस्तगडला, बाकीचे दिवस आखाड्यावर. विलास जिंकला असे नाही आणि मीही नाही. बाग बटईने दिलेली नाही. बैल विकलेले नाहीत. मानेवर डाव्या बाजूला एक चट्टा अजून आहे. तो जाईल असे डॉक्टर म्हणत नाहीत. गाडीच्या बंद काचेतून रस्त्याच्या दोन्ही कडांना फुललेले पांढरे गवत पाहत जालन्याला जाणे, ही माझ्या वयाच्या माणसाला शिक्षा आहे. ती कोणाकडे तक्रार करून कमी होणारी नाही.

ज्यांना हे गवत उपटायचे असेल त्यांनी पावसानंतर माती ओली असताना, फुलण्याआधी, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि हातमोजे घालून उपटावे. खड्ड्यात पुरावे. जाळू नये. ज्यांच्या पापण्या, मान आणि कोपरे खाजतात, त्यांनी मलमाचे नाव विचारण्याआधी आरशासमोर उभे राहून खाज कुठे थांबते ते पाहावे.

ज्योतीची पहिली पावडर मी गेल्या श्रावणात दुकानातून आणून तिच्या न्हाणीघरात ठेवली. तिने ती वापरायला घेतली. 

त्या मंगळवारचे राहिलेले सांगून थांबतो.

दवाखान्यातून आम्ही आखाड्यावर आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचे होते. गंजी त्याच दिवशी हलवावी असे ठरले. मला विहिरीजवळ, वाऱ्याच्या वरच्या बाजूला, नाकातोंडाला ओले उपरणे बांधून उभे करण्यात आले. सुभद्राने पाइपाने गंजीवर पाणी मारले, म्हणजे भुकटी उडणार नाही. विलासने तोंड बांधून, हातमोजे घालून ती फावड्याने खड्ड्यात ओढली. शहरातल्या माणसाचे फावडे. अर्धे गवत काठावरच पडत होते.

"मातीचा थर कमी पडतो आहे," मी ओरडून सांगितले.

"आबा, उपरणं खाली घेऊ नका!"

"चार गावच्या लोकायला गवत उपटाया लावलं," सुभद्रा पाइप धरून म्हणाली, "अन् आज स्वतः उभं राहून बघून राह्यले. लई बरं वाटलं मला."

दिवस मावळता मावळता डास आले. बैल शेपट्या मारू लागले, पाय आपटू लागले. डावा बैल गोठ्याच्या दाराकडे मान वळवून उभा राहिला. माझी यायची ती वेळ होती.

"आता या बैलायचं काय?" सुभद्राने विचारले. "जनावराला कोण सांगणार, की तुमच्या मालकाला धूर चालत न्हाई?"

घरात एक उभा पंखा होता. विलासने आईसाठी आणलेला. मी तो गोठ्यात न्यायला सांगितला.

"अन् आपण?" सुभद्रा म्हणाली.

"फेब्रुवारी आहे," मी म्हणालो.

विलासने पंखा मोसंबीच्या क्रेटवर ठेवला, बैलांपासून दूर, पण वारा पोचेल असा. वायर पुरेना. मोटारीची जादा वायर जोडून ती अंगणातून खिडकीवाटे घरात घेतली. मी साध्या पाण्याने अंघोळ केली. अंग ओलसर असतानाच मलम लावले, माप घेऊन. काढलेले कपडे वेगळ्या बादलीत भिजवले. गोठ्याच्या भिंतीला लागून असलेली माझी बाज विलासने धुऊन, पुसून आत आणली होती. निवृत्तीपासून मी त्या बाजेवर छपराखाली झोपलो नव्हतो.

मग मी घरातले पंख्याचे बटण दाबले, गोठ्यात शेपट्यांचे फटकारे थांबेपर्यंत उभा राहिलो, आणि खिडकी वायरीपुरती फट ठेवून लावून घेतली.